पाल पाळायची तर आधी रातकिडे

लेपर्ड गेकोसमोर मेलेला किडा ठेवला, तर ती बहुधा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तोच किडा दोन पावले चालला की तिची मान वळते, शेपटीचे टोक मांजरासारखे थरथरू लागते आणि पुढच्या क्षणी किडा तोंडात असतो. पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या या पालीला जे हलते तेच अन्न वाटते. त्यामुळे ज्या घरात अशी पाल आहे, त्या घरात जिवंत किडे असावेच लागतात. कुत्र्याच्या खाद्याची पिशवी आणून फडताळात ठेवली आणि महिनाभराची काळजी मिटली, तसे इथे होत नाही.

पुण्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचे वेड नवे नाही. 1980 साली नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत 72 विषारी सापांसोबत 72 तास राहिले आणि सारे शहर ते पाहायला लोटले. 1986 मध्ये कात्रजला सर्पोद्यान सुरू झाले. तिथे शाळेच्या सहलीतून साप पाहून आलेल्या मुलांच्या दोन पिढ्या आता मोठ्या झाल्या आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या घरात आज काचेची पेटी आहे आणि तिच्यात लेपर्ड गेको किंवा ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा आहे. पेटी, दिवा, वाळू, दगड या गोष्टी एकदा आणल्या की झाले. खाणे मात्र रोजचे. वाढत्या वयाची एक गेको दिवसाला पाच-सात रातकिडे सहज खाते, म्हणजे महिन्याला दीडशे ते दोनशे. दुकानात मीलवर्म नावाच्या अळ्यांचा डबा मिळाला तर मिळाला, नाही तर नाही, आणि मिळालेल्या डब्यातल्या अळ्या किती दिवस उपाशी आहेत हे दुकानदारालाही ठाऊक नसते. म्हणून जो मनापासून पाल पाळतो, तो काही महिन्यांत किडेही पाळू लागतो. खरे तर क्रम उलटा हवा. किड्यांचा डबा आधी बसवावा, दोन महिने तो नीट चालवून दाखवावा, आणि मग पाल घरी आणावी.

त्याआधी दोन गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात. पहिली कायद्याची. घोरपड, अजगर, तारा कासव यांसारखे आपल्या रानातले प्राणी घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार गुन्हा आहे. लेपर्ड गेकोची एक सख्खी बहीण, युब्लेफॅरिस फस्कस, महाराष्ट्र आणि गुजरातच्या कोरड्या, खडकाळ माळांवर राहते. विषारी समजून तिला ठेचले जाते. प्रत्यक्षात तिच्यात विषाचा थेंबही नाही. तिची जागा माळावरच. परदेशी प्राण्यांचेही आता मोकळे रान राहिलेले नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या, म्हणजे साइट्स कराराच्या यादीतल्या प्रजाती 2022 च्या दुरुस्तीने कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी त्यांची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. इग्वाना आणि बॉल पायथन या यादीत आहेत. प्राणी घेण्याआधी त्याची प्रजाती नेमकी कोणती, ती यादीत आहे का आणि विकणाऱ्याकडे तिचे कागद आहेत का, हे पाहणे पाळणाऱ्याचे काम आहे.

दुसरी गोष्ट पोटाची. प्रत्येक सरड्याला किडे लागत नाहीत. हिरवा इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे. त्याला हौसेने अंडी, मांस किंवा अळ्या खाऊ घातल्या, तर जादा प्रथिनांचा भार त्याच्या मूत्रपिंडांवर पडतो आणि हळूहळू ती निकामी होऊ लागतात. बिअर्डेड ड्रॅगन लहानपणी मुख्यतः किडे खातो आणि मोठेपणी मुख्यतः पाला. लेपर्ड गेको मात्र जन्मभर किड्यांवरच जगते. तेव्हा पुढचे सारे तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी.

किडे पाळणे हा प्रकार ऐकायला विचित्र वाटला, तरी पुणे हे किडे पाळणाऱ्यांचे जुने शहर आहे. 1952 मध्ये इथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. तिथे डासांच्या वसाहती वर्षानुवर्षे जपल्या जातात. 1967 मध्ये याच संस्थेत के. आर. पी. सिंग यांनी डासांच्या अळ्यांपासून पेशी वेगळ्या करून त्या बाटलीत वाढवून दाखवल्या. त्यातल्या एडिस अल्बोपिक्टस डासाच्या पेशींपासून पुढे निघालेली सी6/36 ही शाखा आज जगभरच्या प्रयोगशाळांत डेंग्यूचा विषाणू वाढवायला वापरतात. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हरभऱ्यावरची घाटेअळी हरभऱ्याच्याच पिठाच्या खाद्यावर वाढवली जाते. या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून मोठ्या होताना प्रत्येकीला वेगळे घर द्यावे लागते. शेजारच्या आयसरमध्ये फळमाश्यांच्या पिढ्यान् पिढ्या काचेच्या नळ्यांत वाढतात. भारतातल्या बऱ्याच प्रयोगशाळांत फळमाशीचे खाद्य केळी आणि गूळ शिजवून करतात. शिकरणीच्या जवळचाच प्रकार म्हणायचा. पंचवीस अंशांच्या आसपास दहा-बारा दिवसांत अंड्यापासून माशी तयार होते. अगदी लहान पिलांना, ज्यांच्या तोंडात रातकिड्याचे पिलूही मावत नाही, हीच फळमाशी घरी बाटलीत वाढवून देतात. फक्त उडता न येणारी जात निवडतात.

घरच्या पेटीसाठी मुख्य किडे दोनच, रातकिडा आणि मीलवर्म.

रातकिड्यांत जगभर सर्वाधिक वाढवला जातो तो फिकट तपकिरी घरगुती रातकिडा, अकेटा डोमेस्टिकस. त्याच्यात एक विषाणू पसरला आणि 2009-10 च्या सुमारास अमेरिकेतली मोठमोठी रातकिडा-पालने रिकामी झाली. तेव्हापासून अनेकांची नजर दुसऱ्या जातीकडे वळली. काळा, दणकट, पंखांच्या मुळाशी दोन पिवळसर ठिपके असलेला हा ग्रायलस बायमॅक्युलेटस त्या विषाणूला सहसा दाद देत नाही. तो आपल्याकडचाच. पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्याखाली उड्या मारताना पुणेकरांनी त्याला पाहिलेले असते, नाव ठाऊक नसते इतकेच. बाहेरचे असे रातकिडे पकडून थेट पालीला देऊ नयेत. त्यांच्या पोटात जंत असू शकतात आणि कुठल्या बागेतले औषध त्यांनी चाटले आहे ते कळत नाही. त्यांना डब्यात ठेवावे, अंडी घालू द्यावीत आणि पुढची पिढी वापरावी.

डबा म्हणजे तुळशीबागेत मिळणारा चाळीस-पन्नास लिटरचा गुळगुळीत प्लॅस्टिकचा डबा. झाकणाला चौकोन कापून त्यावर स्टीलची बारीक जाळी बसवायची. मच्छरदाणीचे नायलॉन लावले तर रातकिडे ते कुरतडून बाहेर येतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचायचे. आडवे रचले तर विष्ठा त्यांच्या खळग्यांत साठते; उभे असले तर ती खाली पडते आणि झाडून काढता येते. रातकिड्यांना लपायला जागा लागते, नाही तर ते एकमेकांचे पाय आणि पंख खातात. नुकतीच कात टाकलेला रातकिडा पांढराशुभ्र आणि लोण्यासारखा मऊ असतो, कवच कडक व्हायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात शेजारी त्याला खाऊ शकतात. गर्दी आणि उपासमार, या दोन गोष्टींनी भरलेला डबा आठवड्यात अर्धा होतो.

पाणी वाटीत ठेवू नये. रातकिडे बोटभर पाण्यातही बुडून मरतात. ओला स्पंज किंवा कापसाचा बोळा पुरतो, तोही दर दुसऱ्या दिवशी बदललेला. खाण्यासाठी कोंबडीखाद्य किंवा गव्हाचा कोंडा, आणि गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला. भाजी मंडईतून आणली की आधी धुऊन तासभर पाण्यात ठेवायची, कारण माणसाला न बाधणारा फवारणीचा अंश रातकिड्याला पुरेसा असतो. फ्लॉवर आणि कोबी टाळलेले बरे.

आता अंडी. मादी ओळखायला सोपी असते. तिच्या शरीराच्या टोकाला सुईसारखी लांब नळी असते. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओलसर कोकोपीट आणि वाळू तीन-चार सेंटिमीटर भरून ठेवली, वर जाळी घातली, की संध्याकाळी माद्या तिथे जमतात. एखादी मागे सरकते, पाठीची कमान करते आणि ती नळी जाळीतून मातीत सरळ खाली खुपसते. क्षणभर थांबते. नळी वर येते, दोन मिलिमीटर बाजूला पुन्हा आत जाते. प्रत्येक वेळी तांदळाच्या कणीहून बारीक, पिवळसर, लांबट अंडे मातीत उतरते. डबा पारदर्शक असेल तर कडेने पाहिल्यावर ती ओळीने उभी दिसतात. जाळी नसेल तर मागून येणारे नर-माद्या माती उकरून तीच अंडी खातात. दोन-तीन दिवसांनी हा डबा बाहेर काढायचा, झाकण सैल लावायचे आणि तीस अंशांच्या आसपास ठेवायचा. साधारण बाराव्या दिवशी सकाळी झाकण उघडले की मातीवर बारीक मुंग्यांएवढे शेकडो जीव उड्या मारताना दिसतात. तिथून प्रौढ व्हायला सहा ते आठ आठवडे. या काळात ते आठ-नऊ वेळा कात टाकतात. म्हणजे पालीला लागणारा प्रत्येक आकार, मुंगीपासून शेंगदाण्यापर्यंत, एकाच डब्यातून वेळेवर मिळत जातो. पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा तिला देऊ नये, हा पाळणाऱ्यांचा सगळीकडचा नियम आहे.

अडचण एकच, आवाज. किरकिर फक्त नर करतात, पुढच्या पंखांच्या कडा एकमेकांवर घासून, आणि माद्या ती ऐकतात पुढच्या पायांवरच्या कानांनी. उकाडा वाढला की लय वाढते. 1897 मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अमोस डॉल्बेअर यांनी किरकिर मोजून तापमान सांगण्याचे सूत्रच मांडले होते. जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणात हा आवाज खपून जाई. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत पन्नास नर रात्री अकराला सुरू झाले की घरच्यांची झोप उडते आणि शेजारीही दार वाजवतात. उपाय साधा आहे. पंख फुटलेले नर आधी पालीला द्यावेत आणि अंड्यांसाठी तीन-चार माद्यांमागे एक नर ठेवावा.

मीलवर्म मात्र पूर्ण मूक. शास्त्रीय नाव टेनेब्रिओ मोलिटर, लिनियसने 1758 मध्ये दिलेले. टेनेब्रिओ म्हणजे अंधार आवडणारा आणि मोलिटर म्हणजे गिरणीवाला. तो ज्या कुळातला, त्याच कुळातला दुसरा सदस्य प्रत्येक मराठी स्वयंपाकघराला परिचित आहे. रव्यात, बेसनात होणारे ते बारीक तांबडे भुंगेरे याचेच लांबचे नातेवाईक. मीलवर्म त्यांच्यापेक्षा बराच मोठा असतो. अळी अडीच ते तीन सेंटिमीटरपर्यंत वाढते.

त्याचे घर आणि अन्न एकच असते, गव्हाचा कोंडा. पुण्यात गल्लोगल्ली गिरण्या आहेत आणि कोंडा मागितला तर मिळतो. आणलेला कोंडा पिशवी घट्ट बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवावा, नाही तर त्यातले घरगुती भुंगेरे आणि बारीक कोळीकीड डब्याचा ताबा घेतात. मग उथळ डब्यात दोन इंच कोंडा, वर गाजराचा किंवा बटाट्याचा तुकडा. पाणी वेगळे लागत नाही, तो तुकडाच पाणी. तुकडा वाळला की बदलायचा, बुरसायची वाट पाहायची नाही.

डबे तीन हवेत. एकात भुंगेरे, एकात अळ्या, एकात कोष. कारण इथेही मोठे लहानांना खातात; कोष तर हलू शकत नाही, फार तर शेपूट वळवळवतो. पांढरट, मेणासारखा कोष एक ते तीन आठवडे तसाच पडून राहतो. त्यातून निघालेला भुंगेरा आधी जवळजवळ पांढरा असतो, मग तपकिरी होतो, आणि काही दिवसांत डांबरासारखा काळा. मादी दोन-तीन महिन्यांच्या आयुष्यात शेकडो अंडी घालते. अंडी चिकट असतात, कोंडा त्यांना लगेच लपेटतो, म्हणून ती दिसत नाहीत. भुंगेरे दर आठवड्या-दोन आठवड्यांनी गव्हाच्या चाळणीने चाळून नव्या कोंड्यात हलवायचे आणि जुना कोंडा तारीख लिहून बाजूला ठेवायचा. महिनाभरात तो स्वतःच हलू लागतो. अळ्या मोठ्या झाल्या की रव्याच्या चाळणीने विष्ठा वेगळी करायची. ती बारीक कोरड्या वाळूसारखी असते.

थर्माकोलचा खोका मात्र वापरू नये. मीलवर्म थर्माकोल खातात, हे 2015 मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी सिद्ध केले आणि त्यांच्या आतड्यांतले जिवाणू तो पचवायला मदत करतात असे दाखवले. प्लॅस्टिक कचऱ्याच्या दृष्टीने ही मोलाची बातमी आहे. पण ती अळी शेवटी पालीच्या पोटात जाणार आहे.

मीलवर्मचा थोरला भाऊ सुपरवर्म, झोफोबास मोरियो. तो मोठ्या पालींना चालतो. त्याची एक गंमत अशी की गर्दीत असेपर्यंत ही अळी कोष करतच नाही. शंभर अळ्या एकत्र ठेवल्या तर महिनोन्महिने अळ्याच राहतात. एकेकीला वेगळ्या छोट्या डबीत, अंधारात, अन्नाशिवाय ठेवले की ती एक-दोन आठवड्यांत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकते आणि कोषात जाते. एरवी आसपासच्यांचे स्पर्शच तिला थांबवून धरतात. कोष असहाय असतो आणि भोवतीचे त्याला खातील, याचा बंदोबस्त निसर्गाने असा केला आहे.

इथवर सगळे जमले, डबे भरले, पाल रोज पोटभर खाते, आणि तरीही तिची हाडे वाकू शकतात. पाळलेल्या पालींचे सर्वाधिक हाल याच एका कारणाने होतात. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय थरथरतात, पाठीला पोक येतो. मालकाला वाटते, थंडी वाजत असेल. हाडांचा हा आजार टाळता येण्याजोगा आहे, म्हणून तो पाहताना जास्त वाईट वाटते.

कारण किड्यांच्या शरीरातच आहे. खेकड्याच्या कवचात कॅल्शियम असते; रातकिड्याच्या कवचात जवळपास नसते, ते कायटिन आणि प्रथिनांचे बनलेले असते. हाडे तर किड्याला नाहीतच. एक किलो मीलवर्ममध्ये कॅल्शियम असते साधारण 170 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 2850 मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ सतरा पट. रातकिड्यात हे प्रमाण एकास सात. पालीला हवे असते उलटे, फॉस्फरसहून कॅल्शियम जास्त, दीड ते दुप्पट. फॉस्फरस वाढला की रक्तातला तोल सांभाळण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते.

म्हणून किड्याला डब्यासारखे वापरायचे. पालीला देण्याआधी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास त्याला कॅल्शियमने भरलेले खाणे घालायचे, म्हणजे त्याचे पोट भरलेले असतानाच तो पालीच्या पोटात जातो. शेवग्याचा पाला इथे उत्तम. शंभर ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम. पालक दिसायला हिरवागार असला तरी नको, त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. याशिवाय द्यायच्या क्षणी किडे एका पिशवीत घालून त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची आणि पिशवी हलवायची, लाडू पिठीसाखरेत घोळवतात तसे. पूड दुकानातली चालते, पण रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे समुद्रफेसही चालते. ते माकूळ जातीच्या समुद्री जीवाचे आतले कवच असते, बहुतांश कॅल्शियम कार्बोनेटचे. पक्षी पाळणारे ते पिंजऱ्यात अडकवतात. पालीसाठी ते वस्त्रगाळ करावे लागते. धुऊन, वाळवून, दळलेले अंड्याचे टरफलही तेच काम करते. पानाला लावायचा चुना मात्र चुकूनही वापरू नये. तो दाहक असतो, तोंड आणि आतडी भाजतात.

कॅल्शियम पोटात गेले तरी अंगात मुरायला ड जीवनसत्त्व लागते. ते पूरक पुडीतून मिळते किंवा सूर्याच्या अतिनील किरणांनी त्वचेत तयार होते. पुण्यात पुष्कळ जण पेटी पूर्वेच्या खिडकीत ठेवून निश्चिंत होतात. साधी काच नेमके हेच किरण अडवते आणि उष्णता आत कोंडते. पालीला फायदा शून्य, आणि एप्रिलमध्ये जिवाला धोका.

किड्यांत कॅल्शियमने भरलेला अपवाद एकच, आणि तो पुण्याच्या शेकडो सोसायट्यांत आपोआप वाढतो. ओल्या कचऱ्याच्या कंपोस्ट ड्रममध्ये कधी कधी करड्या-तपकिरी, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्यांचा थर दिसतो आणि सभासद घाबरून औषध मारायला सांगतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या असतात. ही काळी, गांधीलमाशीसारखी दिसणारी माशी चावत नाही, डंख मारत नाही, आणि घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत नाही. प्रौढ माशी फारसे खातच नाही. तिची अळी कचरा झपाट्याने संपवते आणि आपल्या त्वचेत कॅल्शियम कार्बोनेट साठवते. चांगल्या खाद्यावर वाढलेल्या अळीत किलोमागे नऊ ग्रॅमहून अधिक कॅल्शियम आणि साडेतीन ग्रॅम फॉस्फरस आढळले आहे. पूड लावायची गरजच नाही. ड्रममधल्या अळ्या थेट पालीला घालू नयेत, त्यात काय काय पडले असेल सांगता येत नाही. पण त्यांपासून माश्या निघू देऊन, जाळीच्या पिंजऱ्यात उन्हात ठेवून, स्वच्छ भाजीवर पुढची पिढी वाढवता येते. नर-मादीचे मीलन व्हायला या माश्यांना लख्ख ऊन लागते, आणि पुण्यात ते वर्षातले आठ महिने भरपूर असते.

मेणअळी, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाणारी अळी, पालींना फार आवडते. तिच्यात चरबी पाव भाग असते. आजारातून उठलेल्या पालीला चार द्याव्यात, एरवी नाही. एकदा चटक लागली की पाल रातकिडे नाकारते.

घरात किडे मरतात त्याचे कारण पुष्कळदा डब्याबाहेर असते. डास पळवणारे विजेचे यंत्र, झुरळमारी खडू, सोसायटीतली कीटकनाशक फवारणी, पावसाळ्यात डेंग्यूसाठी महापालिकेची धूरफवारणी, या साऱ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातले औषध असते आणि ते डास व रातकिडा यांत भेद करत नाही. फवारणीची गाडी गल्लीत आली की डबे आतल्या खोलीत न्यावेत, दारे-खिडक्या लावाव्यात. मुंग्यांसाठी जुनीच युक्ती चालते. साखरेचा डबा जसा पाण्याच्या परातीत ठेवत, तसे मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे.

विष कधी कधी किड्यातच असते. मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीला काजवे पाहायला गेलेल्या एखाद्या मुलाला वाटेल, दोन काजवे घरच्या ड्रॅगनसाठी न्यावेत. अमेरिकेत फोटायनस जातीचे काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत; त्या काजव्यांत हृदय थांबवणारी द्रव्ये असतात आणि एक काजवाही जीव घेऊ शकतो. आपल्याकडचे काजवे वेगळ्या जातींचे आहेत, तरी हा प्रयोग कुणी करू नये. काजव्यांनाही त्यांचे रान आहे.

पुण्याची हवा किड्यांना बहुतेक मानवते, पण तिन्ही ऋतूंत थोडे लक्ष लागते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांवर उतरते. रातकिड्यांची वाढ मंदावते, अंडी फुटायला बाराऐवजी पंचवीस दिवस लागतात. डबा फ्रीजच्या मागे, उबेच्या बाजूला ठेवला किंवा खाली कमी वॅटची तापपट्टी सरकवली की काम होते. पावसाळ्यात उलट दुखणे. कोंडा दमटतो, बुरशी येते, आणि कडेने पिठासारखी हलणारी धूळ दिसली तर ती कोळीकीड समजावी. असा डबा वाचवायच्या फंदात न पडता चांगल्या अळ्या वेचून नव्या, कोरड्या कोंड्यात हलवाव्यात. एप्रिल-मेमध्ये गच्चीखालच्या मजल्यावर पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मीलवर्मचा डबा फरशीवर उतरवायचा. पस्तीसच्या वर ते कोमेजतात.

पाळणाऱ्याने स्वतःलाही जपायला हवे. ज्यांना कोळंबीची अॅलर्जी आहे, त्यांना मीलवर्म आणि रातकिड्यांच्या धुळीचाही त्रास होऊ शकतो, कारण दोन्हींत सारखेच एक प्रथिन असते. चाळताना तोंडाला फडके बांधावे. पालींच्या विष्ठेतून साल्मोनेला हा जिवाणू पसरतो. पेटीत हात घातला की साबणाने धुवावा, आणि लहान मुलांना तर आधी हेच शिकवावे. पेटीत न खाल्लेले रातकिडे रात्रभर ठेवू नयेत. भुकेला रातकिडा झोपलेल्या पालीचे बोट आणि पापणी कुरतडतो.

डबे नीट चालू लागले की एक दिवस गरजेपेक्षा जास्त किडे होतात. ते बागेत किंवा मुठेकाठी सोडून देणे दयाळूपणाचे वाटते, पण बाहेरून आणलेल्या जाती मोकळ्या सोडणे योग्य नाही. जादा अळ्या दुसऱ्या पाळणाऱ्याला द्याव्यात, माशांना घालाव्यात किंवा पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात; थंडीने त्या आधी सुस्तावतात आणि तशाच मरतात. चाळलेली विष्ठा गच्चीवरच्या कुंड्यांत मुठीने घालता येते, मिरची-टोमॅटोला ती मानवते. रातकिड्यांचा रिकामा झालेला डबा साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवायचा, जुने ट्रे टाकून द्यायचे, नवे उभे रचायचे आणि मध्यभागी श्रीखंडाचा तो डबा ठेवायचा, ज्यातल्या मातीला आज अकरावा दिवस आहे.